बाप मराठी नसला तर?

चि. मीरा हिस,
अनेक आशीर्वाद.

रिचमंडहून तुझा मेसेज आला : "आई, मराठी असायला बाप मराठी लागतो का? साताऱ्याच्या लग्नात मला तसंच वाटलं." याचं उत्तर फोनवर दोन ओळींत देता येईना, म्हणून हे पत्र. देवनागरी तू अजून अडखळत वाचतेस, तेव्हा ग्रॅनीजवळ बसून मोठ्याने वाच. तिला कळणार नाही, पण तुझं मराठी ऐकायला तिला आवडतं.

आधी खरं ते सांगते. हो, आपल्याकडे मूल बापाचं धरतात, आणि तुझा बाबा तर काळा अमेरिकन. कुळ बापाचं, गोत्र बापाचं, कुलदैवतही बापाचं. गोंधळाच्या रात्री त्या बाईंनी तुला कुलदैवत विचारलं आणि तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "आमचा खंडोबा." तर त्या म्हणाल्या, "तुमचा हो, पण हिचा?" आवाजात कुजकेपणा नव्हता, म्हणून तर मला जास्त झोंबलं. हाच हिशेब पुढे नेला तर लग्नानंतर मीही माहेरच्या खंडोबाची उरत नाही. म्हणजे माझं कुलदैवत बाबाच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये शोधावं लागेल! हे त्या बाईंना तेव्हा सुचवायला हवं होतं.

गंमत अशी की तुझं नाव आम्ही पक्क्या मराठी रीतीने ठेवलंय. आधी मीरा, मधे बापाचं नाव मार्कस, मग आडनाव. अमेरिकेत मधलं नाव कोणी आवडीने ठेवतं, कोणी आजीची आठवण म्हणून. तुझं मात्र बापाचंच. महाराष्ट्रात आता १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बापाच्या नावाआधी आईचं नावही लागतं. म्हणजे रीत बदलते. पण कागदावरची लवकर बदलते आणि गोंधळाला जमलेल्या बायकांची सावकाश.

आता तू जिथे बसून हे वाचते आहेस, तिथलं बघ. व्हर्जिनियाने १९२४ साली कायदा केला की गोऱ्याने गोऱ्याशीच लग्न करायचं, आणि गोरं माणूस म्हणजे ज्याच्यात दुसऱ्या रक्ताचा मागमूसही नाही. त्यातही एक पळवाट ठेवली : एक षोडशांशापर्यंत मूळनिवासी रक्त चालेल. कारण तिथली बडी घराणी स्वतःला पोकाहोंटासचे वंशज म्हणवत. कायदा करणाऱ्यांच्या घरातलं रक्त कुठेही माफच असतं. या कायद्यापायी गोरा रिचर्ड आणि काळी मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्याला १९५८ मध्ये अटक झाली, पुढे पंचवीस वर्षं राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर शिक्षा तहकूब झाली, आणि शेवटी १२ जून १९६७ला सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. हे तुला शाळेत शिकवलं. पण एक गोष्ट वर्गात निघाली नसेल. माझ्या आणि बाबाच्या लग्नाला तो कायदा आडवा आलाच नसता. आम्ही दोघंही त्यांच्या लेखी गोरे नव्हतोच. आम्ही एकमेकांशी लग्न करू, नाही तर आणखी कोणाशी, व्हर्जिनियाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. राखायचं होतं ते फक्त गोरं रक्त.

थेंब मोजण्यात आपणही मागे नाही. कोकणातले बेने इस्रायल घरात मराठी बोलणारे, तेलाच्या घाण्यांचा धंदा करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली. त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग होते. ज्यांच्या पूर्वजांत ज्यू नसलेली बाई आली ते काळे, आणि त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. सातारा-पुण्याच्या जातींबद्दल वेगळं काय लिहू, लग्नाच्या जाहिराती तू पाहिल्या आहेस. कोणी रंगावरून काही बोललं की लगेच कोणीतरी सावळ्या विठ्ठलाचा दाखला देतं. तो दाखला मी तुला देणार नाही. विठ्ठल काळा चालतो आणि सून गोरी लागते, हे तू त्या लग्नात स्वतःच्या कानांनी ऐकलंस.

पण आपल्या लोकांचा दुसरा एक सल्ला मला जास्त खुपतो. इथल्या मंडळातल्या काकू तुला सांगतात, "तू सरळ इंडियन म्हणूनच सांगत जा." मायेने सांगतात. पण त्याच्या पोटात असतं : ब्लॅक सांगू नकोस. हे जुनंच आहे. १९२३ साली पंजाबातून आलेले भगतसिंग थिंद अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात नागरिकत्वासाठी लढले, ते आपण उच्च जातीचे आर्य आहोत, म्हणून गोरे आहोत असं म्हणत. हरले. आणि त्याच्या बरोबर पन्नास वर्षं आधी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत काळ्यांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना, आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा म्हणून. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो संघटनेने युनोकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. मराठी माणसं तुझ्या बाबाच्या लोकांकडे अशीही बघत आली आहेत. तुला मराठीपण घ्यायचं तर हे घे. माझी बाजू छत्रीसारखी उघडून तिच्याखाली काळेपण लपवू नकोस. दुकानातला पहारेकरी तुझ्यामागून चालतो तेव्हा तो तुला कुळ विचारत नाही.

मग तू मराठी आहेस की नाही? मला विचारशील तर आहेस, आणि 'अर्धी' वगैरे नाही. साताऱ्याला आजी तेल लावून बारीक फणी तुझ्या केसांत घालायला लागली, ती दुसऱ्याच फटक्याला अडकली. तू तिचा हात धरून म्हणालीस, "आजी, थांब, आधी ओले कर, मग खालून वर सोडवत ये." अस्सल मराठीत, थोडं दटावूनच. तिने ऐकलं, आणि वर कुरकुरलीही की हिच्या आईने एवढ्या वर्षांत मला हे सांगितलं नाही. तिच्या घरात तुझं स्थान काय, हा प्रश्न त्या ओसरीवर कोणालाच पडला नव्हता. गोंधळाला आलेल्या बाईंना पडला, त्यांना पडू दे. त्या पाहुण्या होत्या.

हे मी म्हणते म्हणून तुला पटायलाच हवं असं नाही. चार वर्षांनी तू म्हणशील की मी ब्लॅक आहे, बास, मराठी ही आईची भाषा. चालेल. मी रुसेन, दोन दिवस.

राहिला कॉलेजचा फॉर्म. दोन्ही चौकोनांवर खूण कर. इथल्या जनगणनेतही २००० सालापासूनच एकाहून जास्त वंश लावता येतात, आणि १९७० साली तर आम्हा भारतीयांना चक्क गोऱ्यांत मोजलं होतं, तेव्हा त्या चौकोनांना फार मान देऊ नकोस. सुप्रीम कोर्टाच्या २०२३च्या निकालानंतर कॉलेजांना वंश पाहून प्रवेश देता येत नाही. निबंधात मात्र स्वतःबद्दल लिहायला मोकळीक आहे. लिहायचं तर लिही. मला आधी दाखवू नकोस, मी त्यातल्या त्या बाईंना नको इतकं बोलायला लावीन.

ग्रॅनीला नमस्कार सांग.

तुझी,
आई