वाचकांचे प्रश्न : सुपरहिरो आणि श्रद्धा

प्रश्न : सुपरहिरोंचे चित्रपट मला हल्ली एकसुरी वाटतात. आपले मत काय? श्रद्धेवरची एखादी कादंबरीही सुचवावी.

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, कारण शहर अखेर वाचणारच हे ठाऊक असले की इमारती कितीही कोसळल्या तरी जीव टांगणीला लागत नाही. तरीही २००८ च्या ‘द डार्क नाइट’मधील दोन बोटींचा प्रसंग मला मोलाचा वाटतो. दुसरी बोट उडवून देण्याचे यंत्र प्रत्येक बोटीवर असते आणि एक धिप्पाड कैदी ते मागून घेऊन सरळ बाहेर फेकून देतो. तिथे बॅटमॅनची शक्ती कामी येत नाही, माणसाची सदसद्विवेकबुद्धी येते.

कादंबरी म्हणाल, तर शुसाकू एन्डो यांची ‘सायलेन्स’ (१९६६) अवश्य वाचावी. सतराव्या शतकातील जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना गुप्तपणे आलेल्या पोर्तुगीज पाद्र्याला येशूच्या प्रतिमेवर पाय ठेवण्यास सांगितले जाते; तो नकार देत राहील तोवर खड्ड्यात उलटे टांगलेल्या गावकऱ्यांच्या यातना थांबणार नसतात. स्वतः मरण पत्करणे त्याला सोपे गेले असते. देव गप्प का, याचे आयते उत्तर लेखक हाती देत नाही, म्हणूनच ती नास्तिक वाचकालाही अस्वस्थ करील, असे मला मनापासून वाटते.