आठ दिवसांच्या मेडिकल मिशन कॅम्पला जाऊ का? खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात. जानेवारीत परदेशातून एका चर्चचा बारा जणांचा गट येणार आहे आणि पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर आठ दिवस मोफत औषधोपचार करणार आहे. तुमच्या पाळकसाहेबांनी तुम्हाला दुभाषी म्हणून बोलावलंय. मैत्रीण म्हणते, हे सगळं फोटोंसाठी असतं. तर जावं की नाही?

ताई, जा. फक्त डोळे उघडे ठेवून जा, आणि निघण्याआधी काही गोष्टी मागून घ्या.

मी नाशिकला शरणपूर रोडला राहते. बावीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. अशा गटांबरोबर सात वेळा पेठ-सुरगाण्याच्या बाजूला गेले, बहुतेक वेळा दुभाषी म्हणूनच. त्यातल्या एका आजींची गोष्ट आधी सांगते, कारण मी जे काही सांगणार आहे ते त्यांच्या घरात शिकले.

करंजाळीच्या पुढचा एक पाडा. आदल्या वर्षी आमच्या कॅम्पला आलेल्या एक आजी दुसऱ्या वर्षी आल्या नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी फळीवरून पत्र्याचा डबा काढला. आत रुमालाच्या गाठीत पुड्या बांधलेल्या होत्या, तीन वेगवेगळ्या कॅम्पच्या. अर्ध्या गोळ्यांचं पीठ झालेलं. दोन पुड्यांत बीपीची एकच गोळी होती, अ‍ॅम्लोडिपिन, फक्त कंपन्या वेगळ्या. तिसऱ्या पुडीवर असिटॅमिनोफेन छापलेलं होतं. आपली पॅरासिटामॉलच ती, पण अमेरिकेत तिला ते नाव आहे. ते वाचून आशाताईला काय कळणार?

आमच्या पुडीवर सकाळी घ्यायची म्हणून सूर्याचं चित्र होतं. ते मीच काढलं होतं. आजी म्हणाल्या, ही ऊन लागल्यावर घ्यायची. उन्हात डोकं धरलं की त्या एक गोळी घ्यायच्या, एरवी डबा बंद. पहिल्या वर्षी डॉक्टर इंग्रजीत बोलले, मी मराठीत सांगितलं, सुनेनं आजींना कोकणीत, म्हणजे त्यांच्या पाड्यावरच्या बोलीत, सांगितलं आणि आजींनी मान डोलावली. आम्हाला वाटलं, समजलं. मी घरी गेले त्या दिवशी त्यांचं बीपी 190/110 होतं.

आम्ही तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. एकतिसाव्या दिवशी त्यांनी कुठं जायचं, हे आमच्यापैकी कुणीच सांगितलं नव्हतं. उपकेंद्र त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. तिथं तिशीच्या पुढच्या माणसांचं बीपी आणि शुगर फुकट तपासतात, गोळ्याही फुकट मिळतात. आणि ज्या आशाताई आजींना नावानं ओळखतात, त्या दिवसभर आमच्या कॅम्पच्या कडेला उभ्या होत्या. त्यांना कुणी खुर्चीसुद्धा दिली नव्हती. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

म्हणून पहिलं मागणं हे: रजिस्टर कुणाकडे राहणार? पेशंटचं नाव, पाडा, बीपी, शुगर, काय दिलं, पुढची तारीख, एवढं मराठीत लिहायचं. एक प्रत आशाताईंकडे, एक उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे. गट विमानात बसला तरी वही पाड्यावर राहिली पाहिजे. गटाचे प्रमुख म्हणाले की नोंदी आम्ही सोबत नेतो, तर विनम्रपणे पण ठाम सांगा की पेशंट इथलेच आहेत. आणि आशाताईंना तपासणीच्या टेबलाशी बसवा. कोकणी त्यांना येते, तुम्हाला-मला येत नाही.

दुसरं मागणं परवानगीचं. पर्यटक व्हिसावर आलेल्या डॉक्टरांना इथं पेशंट तपासता येत नाहीत. परदेशी डॉक्टरांना आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडून तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. ती नसेल तर तपासणी आणि चिठ्ठी इथल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायची, पाहुण्यांनी इतर मदत करायची. तालुका आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे (पीएचसीचे) डॉक्टर यांना आधी कळवलंय का, तेही विचारा. तुम्ही स्वतः विद्यार्थिनी आहात. गर्दी वाढली की कुणीतरी म्हणेल, तू पण गोळ्या द्यायला बस. बसू नका. बीपी मोजा, शुगर बघा, वजन घ्या, लिहा.

आता उपयोगाबद्दल. एकदाच करून संपणारं काम असेल तर पाहुणे खूप काही देऊन जातात. मोतीबिंदूचं ऑपरेशन, किडका दात काढणं, दुभंगलेला ओठ. मोतीबिंदूची पट्टी दुसऱ्या दिवशी निघते आणि माणूस नातवंडाचं तोंड बघतो. हे मी पाहिलंय, त्याला कुणी फोटोंचं काम म्हणू नये. पण बीपी, शुगर, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार), बाळाचं कुपोषण हे आठ दिवसांत संपणारे आजार नाहीत. तिथं गटानं फक्त शोधून काढायचं आणि इथल्या माणसाच्या हाती सोपवायचं.

या दोन्हींच्या मधला आजार म्हणजे खरूज. कॅम्पमध्ये आई एका पोराला घेऊन येते, बोटांच्या बेचक्यात पुरळ, रात्रभर खाजवून रक्त आलेलं. त्याला एक ट्यूब मिळते. घरी एकाच गोधडीखाली सात माणसं झोपतात. पंधरा दिवसांत पोराला परत खरूज. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचं असतं, कपडे-गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायच्या असतात आणि आठवड्यानं तेच पुन्हा करायचं असतं. तुमचा गट आठ दिवस आहे ना? मग पहिल्याच दिवशी एक पाडा घ्या, घरोघर जा, आणि आठव्या दिवशी त्याच घरांत पुन्हा जा. रोज नवा पाडा घेऊन दोनशे पेशंटचा आकडा गाठण्यापेक्षा हे मोठं काम आहे. आठ दिवसांत नीट पूर्ण होईल असं मला तरी हे एकच माहीत आहे.

प्रार्थनेविषयी तुम्ही विचारलेलं नाही, पण सांगते. मी ख्रिस्ती आहे, घरात रोज उपासना होते, आणि सकाळी काम सुरू करण्याआधी गटानं प्रार्थना करावी असंच मला वाटतं. पण औषधाच्या रांगेत नको. रांगेतल्या माणसाला गोळी हवी असते, तो नाही म्हणू शकत नाही. त्यानं मान खाली घातली म्हणजे त्याला ते हवं होतं असं नाही. बायबलमधल्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेवरच्या जखमी माणसाला काहीच विचारलं नाही. मलमपट्टी केली, उतारशाळेत नेलं, रखवालदाराला पैसे दिले आणि सांगितलं की आणखी खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा देईन. हा 'परत येईन' भाग आपण उपदेशात फार कमी वेळा ऐकतो.

आपल्या लोकांनी हे करून दाखवलंय. माझी आजी मिरजेला नर्सिंग शिकली. तिथलं मिशन हॉस्पिटल डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलं. 1889 ला भारतात आलेला हा माणूस जवळजवळ चाळीस वर्षं इथंच राबला. जामखेडचं काम तर आणखी जवळचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघंही वेल्लोरला शिकलेले, श्रद्धावंत ख्रिस्ती. दवाखान्यात तेच आजार घेऊन तीच माणसं परत येतात हे त्यांनी पाहिलं. 1970 साली ते जामखेडला गेले आणि खेड्यातल्या बायकांनाच आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या, कितीतरी दलित. बाळंतपण, जुलाब, बाळाचं वजन हे सगळं त्या सांभाळू लागल्या. 1979 ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपण आशाताई म्हणतो त्यांच्या आधी तीस-पस्तीस वर्षं या बायका हे काम करत होत्या. गटातल्या पाहुण्यांना हे सांगा. आपल्याकडे शिकवायला आलोय असं वाटणाऱ्यांपैकी बरेच जण ते ऐकून शांत होतात आणि मग खूप चांगलं काम करतात.

शेवटचं, तारखेचं. जानेवारी परदेशी पाहुण्यांना सोयीचा, पण दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची धडधाकट माणसं निफाड-दिंडोरीला द्राक्षबागांवर कामाला गेलेली असतात. पाड्यावर तुम्हाला म्हातारी माणसं आणि लहान पोरं भेटतील. ज्या बाईचं हिमोग्लोबिन तपासायला हवं ती पिंपळगावला मळ्यात असेल. होळीला मात्र सगळे घरी येतात. तिकिटं निघाली नसतील तर पाळकसाहेबांना आजच विचारा, होळीच्या आठवड्यात येता येईल का. निघालीच असतील तर आठातले दोन दिवस मजुरांच्या वस्तीवर, बागेच्या बांधावर संध्याकाळी सहानंतर कॅम्प ठेवा, कारण त्याआधी त्यांना सुट्टी होत नाही.