कॉलेज न बघता फॉर्म कसा भरू?

प्रश्न: ताई, मी गडचिरोलीची, इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडला (सरकारी प्रवेश फेरीला) पुण्याची कॉलेजं टाकायचीयेत पण तिकडे जाऊन बघणं परवडत नाही, काय करू?

उत्तर: अगं, ब्रोशरमधली हिरवळ सोड. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगमध्ये, भाग घेणारी कॉलेजं आपला डेटा वेबसाइटवर टाकतात, त्यात किती पोरं वेळेत पास झाली, कितींना नोकरी लागली, मिडियन पगार (म्हणजे रांगेतल्या बरोबर मधल्या पोराचा) किती हे सगळं असतं, जाहिरातीतलं 'हायेस्ट पॅकेज' काय, एकाच पोराचं असतं! मागचे कटऑफ राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश परीक्षा घेतात त्यांच्या) साइटवर मिळतील, आणि फी किती ते 'शुल्क नियामक प्राधिकरणा'च्या साइटवर. मग लिंक्डइनवर तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना सरळ मेसेज टाक, हॉस्टेलला पाणी येतं का, मेस कशीये, रात्री गेट कधी बंद होतं, दहाजणींना विचारलंस तर दोघीतिघी बोलतीलच.