दिल्लीची डिझेल गाडी आणि बँकेतली 'एफडी'

नाशिकहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४६, सातपूरच्या कारखान्यात नोकरी, हातात पगार ८५ हजार, पत्नी घर सांभाळतात, दोन मुलं शाळेत, गृहकर्ज १४ लाख बाकी. जुनी पेट्रोल वॅगन आर आहे, चालते, पण आता सात जणांची गाडी हवी. दिल्लीच्या एका डीलरकडे २०१७ ची इनोव्हा क्रिस्टा डिझेल ७ लाख ८० हजारांना मिळतेय, तशीच गाडी नाशिकमध्ये पावणेअकरा लाखांना आहे. विचारलंय एवढंच: दिल्लीची गाडी आणावी, की कर्ज काढून नवी बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नव्या, कडक नियमांतली) डिझेल घ्यावी? पत्राच्या तळाशी ताजा कलम आहे: मेहुणे दुबईत असतात, तिकडून जुनी गाडी आणली तर? आणि मध्ये एक ओळ सहज टाकून दिलीये: "बँकेतली ६ लाखांची गॅरंटीवाली एफडी मोडेन, व्याजासह साडेसहा येतील, उरलेल्यासाठी मिसेसचं सोनं ठेवेन."

ती मधली ओळ वाचून मी तुमच्याकडून त्या 'एफडी'चे फोटो मागवून घेतले. त्याकडे येतोच. आधी गाडी.

दुबई लगेच निकालात काढू. तिकडच्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. भारतात जुनी गाडी आयात करायची तर उजवं स्टिअरिंग लागतं, गाडी ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि शुल्क व कर मिळून गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतात. विषय संपला.

दिल्ली. तिथे डिझेल गाडी स्वस्त का, हे डीलरने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना राजधानी क्षेत्रात बंदी, हा हरित लवादाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला. तेव्हापासून आठवं-नववं वर्ष लागलं की तिथला मालक गाडी बाहेर काढायच्या मागे असतो. इथवर डीलर खरं बोलतोय. पण जुलै २०२५ मध्ये जुन्या गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा फतवा निघाला आणि काही दिवसांतच थांबवला गेला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली, डिसेंबरात ती फक्त बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती ठेवली. तुमची २०१७ ची गाडी बीएस-४, म्हणजे १० वर्षं भरली म्हणून आज तरी ती तिथे कोणी उचलून नेणार नाही. हिवाळ्यात प्रदूषण तिसऱ्या टप्प्यावर गेलं की बीएस-४ डिझेलला दिल्लीत फिरता येत नाही, हा त्रास मात्र आहेच. तेव्हा 'नियमामुळे नाइलाजाने विकतोय' ही गोष्ट आता पूर्वीइतकी पक्की राहिलेली नाही. मालक तरीही ३ लाख सोडायला तयार असेल तर का, हे त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये शोधा. मीटरवरच्या ७८ हजार किलोमीटरवर जाऊ नका.

आता ते ३ लाख खरंच वाचतात का? गाडी महाराष्ट्रात कायमची ठेवायची तर १२ महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यावा लागतो आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला मूळ किमतीच्या १४ टक्के, त्यातून गाडीच्या वयाप्रमाणे सूट. ढोबळ १ लाख १० हजार धरा. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण पैसे खात्यात पडेपर्यंत तो हिशेबात धरायचा नाही. एनओसी (दिल्लीच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र), नाव बदलणं, नवा नंबर, दोन्हीकडचे एजंट मिळून २५ हजार. जाणं, राहणं आणि तेराशे किलोमीटर गाडी चालवत आणणं, आणखी २५ हजार. अनोळखी गाडीचं पहिलं मोठं काम, टायर धरून, ५० हजार. झाले २ लाख १० हजार. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक २ लाख ९५ हजार, त्यातून उरले ८५ हजार. आणि तीन-चार वर्षांनी तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचा आरसी बघून 'दिल्लीची आहे' म्हणत निदान ५० हजार पाडणारच. एवढ्या उपद्व्यापातून हाती येणार ३५ हजार, तेही सगळं सुरळीत झालं तर.

सुरळीत होण्याचा भाग लहान नाही. एनओसी हातात यायच्या आधी पूर्ण पैसे देऊ नका, 'पंधरा दिवसांत पाठवतो' हे वाक्य मी फार ऐकलंय. जुनं कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५, थकीत चलनं आणि चेसिस नंबरची पेन्सिलने घासून काढलेली छाप गाडीशी जुळवून पाहणं, हे सगळं त्याच भेटीत उरकायचं असतं. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची विमा हप्त्यातली सूट, तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो.

नव्या बीएस-६ डिझेलचा फिल्टर चोक होईल, ही तुमची भीती योग्य आहे. बीएस-४ मध्ये डिझेल गाडीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होतं, बीएस-६ मध्ये ८०. काजळीचे कण २५ वरून साडेचारवर आले. हे साधायला सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसवला, आणि तो स्वतःला साफ करतो ते गाडी हमरस्त्यावर तापून बराच वेळ पळते तेव्हा. तुमचं रोजचं जाणं ९ किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत. तो फिल्टर वर्षभरात चोक होऊन दिवा लागेल. शोरूममधल्या मुलाने हे सांगितलं नसणार, त्याला महिन्याचं टार्गेट आहे.

आणि वर्षाला जेमतेम १० हजार किलोमीटर फिरणाऱ्याला डिझेल हवंच कशाला? एवढ्याच मोठ्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत किलोमीटरमागे तीन-साडेतीन रुपये वाचतात, म्हणजे वर्षाला ३०-३५ हजार. पण तुमची तुलना मोठ्या पेट्रोल गाडीशी नाहीच, ती तुमच्याच वॅगन आरशी आहे. तिच्यापुढे क्रिस्टा विमा, टायर, सर्व्हिस सगळ्यातच महाग. डिझेलवरचे नियमही रातोरात बदलतात: डिसेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने दोन लिटरवरच्या डिझेल गाड्यांची नोंदणीच दिल्लीत थांबवली होती, ती आठ महिन्यांनी सुरू झाली. मुंबई महानगर क्षेत्रात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे पाहायला राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली. नाशिक त्यात येत नाही. पण तुमच्या गाडीचं पुढचं गिऱ्हाईक ठाणे-मुंबईचं असू शकतं, आणि ते हे सगळं वाचून येईल.

तर गाडी नको. सात जण मिळून वर्षातून दोनदा कोकणात आणि एकदा पंढरपूरला जाता, असं तुम्हीच लिहिलंय. तेवढ्यापुरती ड्रायव्हरसह गाडी भाड्याने घ्या. वर्षाला ५०-६० हजारांत भागेल आणि घाटात गाडी चालवताना डुलकी लागायची भीती नाही, ते वेगळंच.

आता ती एफडी. ती एफडी नाही.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत पहिल्या पानावर स्पष्ट छापलंय: वार्षिक हप्ता ३ लाख, हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे, पॉलिसीची मुदत २० वर्षे, विमा रक्कम ३० लाख. ही बोनसवाली विमा पॉलिसी आहे. वडिलोपार्जित प्लॉटच्या वाटणीचे ९ लाख बचत खात्यात पडून होते, ते शाखेतल्या मॅडमना दिसले. डिसेंबर २०२४ मध्ये ३ लाख गेले. डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा ३ लाख 'त्याच योजनेत आपोआप वळते झाले', असं तुम्ही लिहिता. वळते झाले नाहीत, ऑटो डेबिटने दुसरा हप्ता कापला गेला. येत्या डिसेंबरात तिसरा कापला जाईल, खात्यात उरलेले ३ लाखही जातील, आणि त्यापुढे सात वर्षं दरसाल ३ लाख. वर्षाला १० लाख २० हजार कमावणारा माणूस, डोक्यावर १४ लाखांचं कर्ज, आणि ३ लाखांचा विमा हप्ता! रिन्युअलचे मेसेज तुम्ही 'जाहिरात' समजून डिलीट करत होतात, पण विकणाऱ्याला तुमचा पगार माहीत होता.

माहितीपत्रकावर मॅडमनी निळ्या बॉलपेनने '५ वर्षे = डबल' लिहून खाली दोनदा रेघ मारलीये. तो कागद जपून ठेवा, सध्या तुमच्या घरातला सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे.

मोडली तर साडेसहा लाख येणार नाहीत. पॉलिसी मध्येच मोडली की परत मिळतं ते सरेंडर मूल्य. दोन हप्ते भरलेत, त्यावर किमान हमी भरलेल्या रकमेच्या ३० टक्क्यांची, म्हणजे १ लाख ८० हजार. ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसींना नवे नियम लागू आहेत, त्यामुळे विशेष सरेंडर मूल्य याहून बरं निघायला हवं. तो आकडा कंपनीकडून लेखी मागा. मी हिशेबाला ४ लाख धरतो.

'२ लाख बुडवण्यापेक्षा चालू ठेवतो', हा तुमचा पुढचा विचार असणार. हिशेब बघा. माहितीपत्रकात दोन रकाने आहेत, ८ टक्के आणि ४ टक्के. हे दर म्हणजे कंपनी आपल्या गुंतवणुकीवर काय कमावेल याचं गृहीतक, तुमच्या हप्त्यावरचं व्याज नव्हे. खर्च वजा जाऊन ८ टक्क्यांच्या रकान्यात २० वर्षांनी ६४ लाख दिसतात, म्हणजे तुम्हाला पडले जेमतेम ५ टक्के. ४ टक्क्यांच्या रकान्यात ४१ लाख, म्हणजे २ टक्के. आता आज बाहेर पडा. आलेले ४ लाख आणि उरलेले आठ हप्ते, सगळं ७.१ टक्क्यांनी वाढतंय असं धरा. हा पीपीएफचा सध्याचा दर, आणि तुमचं व पत्नीचं खातं मिळून वर्षाला ३ लाखांची मर्यादा त्या हप्त्यांना पुरते. त्याच तारखेला ७९ लाख होतात. हाती फक्त १ लाख ८० हजार आले असं धरलं तरी ७२. म्हणजे सगळ्यात वाईट सरेंडर त्यांच्या सगळ्यात गुलाबी रकान्याला मागे टाकतं.

पण घाईने सरेंडरचा फॉर्म भरू नका. त्याआधी पूर्ण पैसे परत मागायचे, कारण हे फसवून विकलंय. पॉलिसीचा बॉण्ड कधी मिळालाच नाही म्हणता. पसंत नसलेली पॉलिसी परत करायचे ३० दिवस कागद हाती पडल्यापासून मोजतात, तेव्हा तो कधी, कुठे पोचवला याचा पुरावा कंपनीकडे मागा. ई-मेलही तपासा, अर्जावर भलताच पत्ता घातलेला असण्याचे प्रकार मी पाहिलेत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार करा, प्रत बँकेला, सोबत त्या बॉलपेनच्या कागदाचा फोटो. व्हेरिफिकेशनचा फोन आला तेव्हा 'सगळ्याला हो म्हणा' असं मॅडमनी सांगितलं होतं, तेही लिहा, लाजू नका. उत्तर पटलं नाही किंवा महिन्याभरात आलंच नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही नोंद करून ठेवा.

तोवर डिसेंबरचा ऑटो डेबिट रद्द करा. शाखेत तोंडी सांगून येऊ नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. 'सर, एक हप्ता भरून टाका, मग बंद करता येईल', असं म्हणतील. नाही भरायचा.

यात एक ग्यानबाची मेख आहे. या पॉलिसीतले ३० लाख हाच आज तुमचा एकमेव विमा आहे. म्हणून १ कोटीची टर्म पॉलिसी (बचत नसलेला, निव्वळ विमा) आधी घ्या, ती हातात आल्यावरच हिच्यातून बाहेर पडा. ४६ व्या वर्षी, तंबाखू-सिगरेट नसेल तर हप्ता २५-३० हजारांच्या घरात यावा. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. रक्तदाब आहे असं लिहिलंय, तो अर्जात लपवू नका. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या.

बचत खात्यातले ३ लाख तिथे अडीच टक्क्यांवर झोपलेत, आणि शाखेतल्यांच्या डोळ्यांवरही आहेत. घरखर्चाचे चार-पाच महिने म्हणून ते दुसऱ्या बँकेत खऱ्या एफडीत हलवा. पावतीवर 'मुदत ठेव' आणि व्याजाचा दर छापलेला आहे का, ते वाचून घ्या. पत्नीचं सोनं कपाटातच राहू द्या.

डीलरला यूपीआयने २१ हजार टोकन दिलंय म्हणता. व्यवहार रद्द करतोय असं व्हॉट्सॲपवर लिहून परत मागा. नाही दिले तर ते सोडून द्या, पण ते वसूल व्हावेत म्हणून ७ लाख ८० हजारांची गाडी घेऊ नका. विमा कंपनीचं उत्तर आलं की सरेंडरच्या आकड्यासह मला पाठवा, लोकपालाकडच्या अर्जाचा मसुदा मी बघून देईन.