सर्जनने परदेशात वर्षभराची रिसर्च फेलोशिप करावी का? तिथे ऑपरेशनं करायला मिळतात का?

तुमची शस्त्रक्रियेची रेसिडेन्सी नुकतीच संपली आहे, अमेरिकेतल्या एका विद्यापीठाशी बोलणं चाललंय, आणि जावं की नाही ते ठरत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय.

ऑपरेशनांचं आधी सांगून टाकतो: मिळणार नाहीत. अशा फेलोशिपसाठी बहुधा जे-१ या अमेरिकन व्हिसाचा ‘रिसर्च स्कॉलर’ हा प्रकार वापरतात. संशोधनाच्या ओघात रुग्णाशी जेवढा संबंध येईल तेवढाच त्यात चालतो. थिएटरमध्ये उभं राहून पाहता येईल का, हे त्या रुग्णालयाला लेखी विचारून घ्या. आणखी एक अट बऱ्याच जणांना उशिरा कळते. हा प्रोग्राम एकदा संपला की त्याच प्रकारात परत जायला २४ महिने थांबावं लागतं, मग तुम्ही पाच वर्षांची पूर्ण मुदत वापरलेली असो वा आठ महिन्यांत परतलेले असा.

आता जावं का? माझ्या मते जरूर जावं, पण तुम्ही पोहोचाल त्या दिवशी कामाचा डेटा तयार असेल तरच. वर्ष वाया जातं ते बहुतेक वेळा आयआरबीची (संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीची) मंजुरी आणि रुग्णांच्या संगणकीय नोंदी उघडण्याची परवानगी यांची वाट बघण्यात. म्हणून होकार कळवण्याआधी गाईडला सरळ विचारा: मंजुरी हातात आहे का, त्यात माझं नाव कधी घालणार, संख्याशास्त्रज्ञ कोण आणि त्याचा वेळ मला किती मिळणार? आधीच्या दोन फेलोंशी बोला आणि त्यांचे किती पेपर पहिले लेखक म्हणून छापून आले ते पाहा. विभागाच्या नावापेक्षा मी या उत्तराला जास्त किंमत देईन. पगार नसेल तर खर्चाची सोय कागदोपत्री दाखवावी लागते, त्याशिवाय डीएस-२०१९ हा जे-१ व्हिसासाठी लागणारा फॉर्म निघत नाही.

खरी मेहनत डेटाच्या तक्त्यात आहे. समजा विषय आहे गुदाशयाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर आतड्याच्या जोडातून होणारी गळती. ‘गळती: हो/नाही’ एवढाच रकाना ठेवलात तर फसाल. फक्त सीटी स्कॅनवर दिसलेली गळती धरायची का? २०१० च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत तीन श्रेणी आहेत: उपचार बदलावे न लागलेली ए, काही उपाय करावा लागला पण पोट पुन्हा उघडावं न लागलेली बी, आणि पुन्हा उघडावं लागलेली सी. रकाना या श्रेणींचा ठेवा. तसंच गळती ‘३० दिवसांत’ झाली का हे पाहताना ते दिवस ऑपरेशनपासून मोजायचे की डिस्चार्जपासून, तेही लिहून ठेवा. मग २० केसपेपर दोघांनी वेगवेगळे भरा आणि ताडून पाहा. जिथे मतभेद निघतील तिथे व्याख्या ढिली आहे. ती तेव्हाच दुरुस्त करा, कारण ४०० नोंदी भरून झाल्यावर मागे फिरणं फार जड जातं.

विश्लेषणातली एक चूक तर वारंवार दिसते. ऑपरेशननंतर केमो मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी तुलना केली, तर पहिल्या गटातला प्रत्येक जण केमो सुरू होईपर्यंत जगलेलाच असतो. त्याआधी दगावलेले सगळे दुसऱ्या गटात जमा होतात आणि केमोचा फायदा उगाच फुगतो. अशा वेळी मोजणी, उदाहरणार्थ, ९० व्या दिवशी हयात असलेल्यांपासून सुरू करायची आणि त्या दिवसापर्यंत केमो सुरू झाली होती का, यावरून गट पाडायचे. जाणकार समीक्षक हे पहिल्याच वाचनात पकडतात.

परवानग्या येईपर्यंतच्या काळात सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे एका प्रश्नावरच्या छापून आलेल्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा, करता येतो. त्याची नोंदणी प्रॉस्पेरो या अशा आढाव्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत, अभ्यासांचा शोध सुरू करण्यापूर्वी करा. हात गंजू नये म्हणून बॉक्स ट्रेनरवर (दुर्बिणीच्या ऑपरेशनांच्या सरावाच्या पेटीवर) टाके आणि आतली गाठ रोज अर्धा तास घाला. वर्षभराच्या खंडानंतर त्याची किंमत कळते, म्हणून हे हट्टाने करा.

लेखकांचा क्रम पहिल्या महिन्यातच ईमेलवर ठरवून घ्या. आणि तुम्ही तिथून निघण्याआधी तीन महिने तरी पेपर जर्नलला पाठवलेला असू द्या. फेलोशिप संपली की विद्यापीठाचं लॉगिन बंद होतं आणि रुग्णांचा डेटा स्वतःच्या लॅपटॉपवर नेता येत नाही. मग समीक्षकाने एक जास्तीचा तक्ता मागितला तर तो तुमच्यासाठी काढून देणारं तिथे कोणीतरी हवं. त्या व्यक्तीला सहलेखक म्हणून सुरुवातीपासूनच कामात सामील करून घ्या.