आजीच्या वर्षश्राद्धाला तिच्या आयुष्याविषयी काय लिहावे?

आपण विचारले आहे की आजीच्या वर्षश्राद्धानिमित्त घरच्यांसाठी दोन पाने लिहायची आहेत, पण ‘प्रेमळ’ आणि ‘कष्टाळू’ यांच्या पुढे काही सुचत नाही. माझीही हीच अडचण झाली होती. माझ्या आजीला आम्ही सगळी नातवंडे मोठी आई म्हणत असू. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तिने वीस वर्षांहून अधिक काळ गिरणी कामगारांची खानावळ चालवली, आणि मी लिहायला बसलो तेव्हा पहिल्याच मसुद्यात तिची साक्षात देवी करून टाकली. तो वाचून आत्या म्हणाली, “ही बाई कोण रे?”

पुढे वाट सापडली ती तिच्या ट्रंकेतल्या जुन्या कालनिर्णयांच्या गुंडाळीत. मोठी आई शाळेत गेलेली नव्हती, म्हणून प्रत्येक गड्याची तिने एकेक खूण ठरवली होती: राजापूरच्या एकाला मासा, साताऱ्याच्या एकाला विळा. जो ज्या दिवशी जेवायला नसेल, त्याची खूण त्या तारखेच्या चौकटीत काढायची, म्हणजे खाडा. आणि पगार झाला की खाडे वजा करून पैसे घ्यायचे. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. कालनिर्णयाच्या त्या जानेवारीच्या पानावर 18 तारखेनंतर एकही खाडा नाही, कारण बाहेर काही खायला कुणाच्या खिशात पैसाच नव्हता; एप्रिलच्या पानावर मात्र सगळ्या चौकटी मासे आणि विळे यांनी भरलेल्या आहेत, कारण तोवर माणसे गावी निघून गेली होती. संपाविषयी मी पुष्कळ वाचले आहे, पण तो मला कळला तो या दोन पानांवरून.

तिचे आयुष्य बाहेरच्या जगाशी कुठे जोडलेले होते, तेही अवश्य शोधावे. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळू लागले; वाण्याच्या उधारीतून मोठी आई सुटली ती त्यामुळे, घरातल्या कुणा पुरुषामुळे नव्हे.

आणि तिचे दोष गाळू नयेत. मोठी आई मुलग्यांना आधी वाढत असे, सुनांच्या वाट्याला पुष्कळदा रस्साच उरे. आत्याने हे आग्रहाने लिहायला लावले, आणि ते योग्यच झाले.

शक्य असेल तर नात्याबाहेरच्या माणसांना विचारावे. आमच्याकडे तेराव्याला तो राजापूरचा गृहस्थ आला होता. त्याने सांगितले की एका वेळेचा खाडा ती कधीच धरत नसे. भाजी चिरून झाली की खर्च झालाच, असे तिचे म्हणणे. संपात त्याची तीन महिन्यांची थकबाकी राहिली. त्यासाठी तिने ना निरोप धाडला, ना व्याज लावले. दोन वर्षांनी तो स्वतःहून पैसे द्यायला आला आणि त्यातून एका संध्याकाळचे जेवण वजा करा म्हणाला, तर मोठी आईने ट्रंकेतून ते पान काढून त्याच्यासमोर धरले. त्या चौकटीत मासा नव्हता. तिने पैसे पूर्ण घेतले.