मेलोनीबाईंना ‘इल’ म्हणायचं की ‘ला’?

प्रश्न : मी तोरिनोत इंजिनिअरिंग शिकतो आणि संध्याकाळी इटालियनच्या वर्गाला जातो. निबंधात मी पंतप्रधानांबद्दल ‘ला प्रेझिदेन्ते मेलोनी’ असं लिहिलं. बाईंनी बरोबरची खूण केली. घरमालकांनी मात्र ते वाचून हटकलं. त्यांचं म्हणणं, खुद्द मेलोनीच ‘इल प्रेझिदेन्ते’ म्हणवून घेतात, मग तू कोण बदलणारा? कोणाचं ऐकू?
– एक विद्यार्थी, तोरिनो

उत्तर : परीक्षेत बाईंचं ऐका, भाडं देताना घरमालकांचं.

व्याकरणाचं आधी उरकून घेते, कारण ते सोपं आहे. ‘प्रेझिदेन्ते’ (अध्यक्ष; इटलीत पंतप्रधानांना मंत्रिमंडळाचे अध्यक्ष म्हणतात) हा ‘कान्तान्ते’ (गायक, गायिका) किंवा ‘इन्सेन्यान्ते’ (शिक्षक, शिक्षिका) यांच्या कुळातला शब्द. तो स्वतः बदलत नाही, त्याच्याआधीचं उपपद तेवढं बदलतं. पुरुष असेल तर ‘इल’, बाई असेल तर ‘ला’. म्हणजे ‘ला प्रेझिदेन्ते’ ही कोणा चळवळीची नवी टूम नाही, शाळेतल्या पुस्तकातला साधा नियम आहे. फ्लोरेन्सची आकादेमिया देल्ला क्रुस्का १५८३ पासून या भाषेची राखण करते आहे, आणि तिचाही कौल बाईच्या पदाला स्त्रीलिंगी रूप द्यावं असाच आहे. कोणी स्वतःहून पुल्लिंगच पसंत केलं तर तो त्या व्यक्तीचा हक्क, इतकी मोकळीक क्रुस्कावाले ठेवतात. घरमालकांचा मुद्दा त्या मोकळिकीत बसतो. पण ती मोकळीक पद धारण करणारीला आहे. तिच्याबद्दल लिहिणाऱ्या वर्तमानपत्राला किंवा तुमच्या निबंधाला तिचं बंधन नाही.

आता गंमत बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये रोमच्या सान जोव्हान्नी चौकातल्या सभेत मेलोनीबाई गरजल्या होत्या, मी जोर्जा आहे, मी बाई आहे, मी आई आहे, इटालियन आहे, ख्रिस्ती आहे. त्या वाक्यांची टिंगल म्हणून कोणी तरी नाचाचं गाणं केलं, ते तुफान चाललं आणि त्यातून बाईंचाच प्रचार झाला. तीन वर्षांनी, २२ ऑक्टोबर २०२२ रोजी, त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. आठवड्याच्या आत त्यांच्या कार्यालयातून मंत्रालयांना पत्र गेलं, की पदाचा उल्लेख ‘इल सिन्योर प्रेझिदेन्ते’ असा करावा. ‘सिन्योर’ म्हणजे श्रीयुत! बोंबाबोंब झाल्यावर खुलासा आला, की श्रीयुत नको, नुसतं ‘इल प्रेझिदेन्ते’ पुरे. सभेत बाई असणं हे भांडवल आणि खुर्चीवर ती अडचण, असा हा हिशेब आहे. पक्षाचं नावही ‘फ्रातेल्ली दितालिया’, इटलीचे भाऊ. ते राष्ट्रगीताच्या पहिल्या ओळीतून आलेलं आहे, त्यामुळे त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही, पण शोभून दिसतं खरं.

तुमच्या घरमालकांनी पुढे असंही म्हटलं असेल, की ही स्त्रीलिंगी रूपं कानाला बरी वाटत नाहीत. नसेल म्हटलं तर लवकरच म्हणतील. इटलीत हा युक्तिवाद मी न्हाव्यापासून निवृत्त न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांकडून ऐकला आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माजी राष्ट्रपती जोर्जो नापोलितानो यांनी भर समारंभात ‘मिनिस्त्रा’ (मंत्रीणबाई) हा शब्द भयंकर आणि ‘सिंदाका’ (महापौरबाई) हा किळसवाणा ठरवला. तेव्हा रोम आणि तोरिनो या दोन्ही शहरांत महापौर बायकाच होत्या. पण ‘सिंदाका’ची घडण हुबेहूब ‘मोनाका’सारखी, आणि मोनाका म्हणजे जोगीण. तिच्यात आजवर कोणाला किळस दिसलेली नाही. ‘इन्फेर्मिएरा’ (परिचारिका), ‘ओपेराया’ (कामगार बाई), ‘कामेरिएरा’ (जेवण वाढणारी) हे शब्द सगळे बिनतक्रार बोलतात. ‘इंजेन्येरा’, ‘किरुर्गा’ (शल्यविशारद), ‘मिनिस्त्रा’ म्हटलं की कान दुखू लागतात. पगार वाढतो तसा कान नाजूक होतो, असं माझं निरीक्षण आहे.

‘आव्वोकाता’चंच घ्या. वकीलबाईला हा शब्द वापरला तर लोक नाक मुरडतात. पण ‘साल्वे रेजिना’ या प्रार्थनेत इटलीतल्या आज्या मेरीमातेला शतकानुशतकं ‘आव्वोकाता नोस्त्रा’, म्हणजे आमची कैवारीण, अशीच हाक मारत आल्या आहेत. शब्द होता. कोर्टात बाई नव्हती, कारण तिला येऊ दिलं नव्हतं. तुमच्याच तोरिनोत १८८३ साली लीदिया पोएत यांचं नाव वकिलांच्या यादीत चढलं आणि काही महिन्यांत अपील न्यायालयाने ते पुसलं. बायकांना वकिली खुली करणारा कायदा १९१९ चा, आणि पोएतबाई अखेर यादीत आल्या त्या १९२० मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. न्यायाधीश होण्याची परवानगी तर १९६३ पर्यंत नव्हती.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही वर्गात एकतर्फी वाद घालाल. आमच्याच जिन्यावर एक वकीलबाई राहतात, चाळिशीच्या. त्यांच्या पितळी पाटीवर ठसठशीत ‘आव्वोकातो’, म्हणजे पुल्लिंग. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, पाटीवर ‘आव्वोकाता’ लिहिलं तर अशील निम्मी फी देऊ करतील. ऑर्केस्ट्राच्या संचालिका बेआत्रीचे वेनेझी यांनी मार्च २०२१ मध्ये सानरेमोच्या गाण्यांच्या महोत्सवातल्या मंचावरून ‘मला दिरेत्तोरे (संचालक) म्हणा, दिरेत्रीचे (संचालिका) नको’ असं सांगितलं, तेव्हाही टीकेचा पाऊस पडला. मला दोघींचाही राग येत नाही. ‘माएस्त्रा’ म्हणजे प्राथमिक शाळेतली बाई आणि ‘माएस्त्रो’ म्हणजे वाद्यवृंदाचा अधिपती, हे ऐकत मोठी झालेली मुलगी आणखी काय मागणार?

पण कान बदलतो, आणि बहुतेक वेळा तो वर्तमानपत्रं बदलतात. ‘सेग्रेतारिओ’ म्हणजे पक्षाचा सर्वोच्च नेता आणि ‘सेग्रेतारिया’ म्हणजे टंकलेखन करणारी, असा अर्थ पक्का बसला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये एल्ली श्लाइन डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रमुख झाल्या. तेव्हापासून मथळ्यांत ‘ला सेग्रेतारिया’ येते आहे, आणि ती टंकलेखिका आहे असा गैरसमज कोणाचाही होत नाही. यासाठी कोणी कायदा केला नाही.

तेव्हा निबंधात बेधडक ‘ला’ लिहा. एखाद्या बाईंना थेट पत्र लिहायचं असेल तर मात्र त्यांची सही कशी असते ते आधी बघा.

प्रश्न : विद्यार्थी संघटनेच्या मेलमध्ये शब्दांच्या शेवटी उलटा छापलेला ‘ए’ दिसतो. आधी वाटलं फाँट बिघडलाय. तो वाचायचा कसा? मीही वापरावा का?
– एक वाचक, बोलोन्या

उत्तर : फाँट ठीक आहे. त्या चिन्हाला ‘श्वा’ म्हणतात. उच्चार तोंड सैल सोडून केलेला अस्पष्ट ‘अ’. नापोलीच्या बोलीत शब्दांच्या शेवटी तो सर्रास ऐकू येतो. इटालियनला नपुंसकलिंग नाही, आणि शंभर बायकांत एक पुरुष आला की सगळ्यांचं मिळून पुल्लिंगी ‘तुत्ती’ (सगळे) होतं. त्यावर उपाय म्हणून, आणि स्वतःला बाई किंवा पुरुष न मानणाऱ्यांनाही जागा मिळावी म्हणून, हे चिन्ह आणलं गेलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने विचारल्यावर क्रुस्काने सांगितलं, की न्यायालयीन कागदांत श्वा नको, तारांकनही नको, पण स्त्रीलिंगी पदनामं जरूर वापरा.

मित्रमंडळींत वापरा, हवं तर. प्रबंधात, अर्जात नको. मला स्वतःला ते लांब मजकुरात अडखळवतं. त्रेन्तो विद्यापीठाची युक्ती मला जास्त आवडली. मार्च २०२४ मध्ये त्यांनी आपली नियमावली पूर्ण स्त्रीलिंगात काढली. कुलगुरू पुरुष, तरी मजकुरात ‘ला रेत्रीचे’ (कुलगुरूबाई). सगळे पुरुष त्यात धरलेले आहेत असं सुरुवातीलाच नमूद केलं होतं. व्याकरणाचा एकही नियम न मोडता वाचणाऱ्या पुरुषाला दोन पानांत कळतं, ‘धरलेलं असणं’ म्हणजे काय ते. त्याच वर्षी जुलैत लेगा पक्षाच्या एका सिनेटरने उलट टोकाचा मसुदा आणला. सरकारी कागदांत ‘सिंदाका’सारखी रूपं वापरली तर पाच हजार युरोपर्यंत दंड! त्याच्या पक्षानेच हात झटकले आणि मसुदा मागे गेला.

प्रश्न : मुलगी पादोवात शिकते. बायकांच्या खुनाच्या बातम्या ती मला वाचून दाखवते. मारणारा ‘बिचारा’ आणि मेलेली ‘सोडून जाणारी’, असंच काहीसं त्यांतून ऐकू येतं. माझाच समज चुकतोय का?
– एक आई

उत्तर : नाही. तुम्ही अगदी बरोबर ऐकता आहात.

इटालियन बातम्यांचा एक लाडका शब्द आहे, ‘राप्तुस’. अचानक डोक्यात गेलेली सणक. ‘राप्तुस’ने मारलं, मत्सराने मारलं, अति प्रेमाने मारलं. वाक्याचा कर्ता भावना, माणूस नव्हेच. २०१९ मध्ये एका राष्ट्रीय दैनिकाने खुन्याला मथळ्यात ‘भला राक्षस’ म्हटलं, आणि सोबत प्रतिसाद न मिळालेल्या प्रेमाचा उल्लेख. आता दंडसंहितेचं कलम ९० बघा. भावनेच्या किंवा विकाराच्या भरात असल्याने जबाबदारी टळत नाही आणि कमीही होत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे कायदा जी सबब ऐकत नाही, ती मथळा ऐकतो.

ही सबब येते कुठून? माझ्या मते कलम ५८७ मधून. बायको, मुलगी किंवा बहीण परपुरुषाशी संबंध ठेवताना सापडली आणि अब्रूवर घाला आल्याच्या संतापात तिला मारलं, तर शिक्षा फक्त तीन ते सात वर्षं. हे कलम १९८१ मध्ये रद्द झालं. ‘संतापाची अवस्था’ कायद्यातून गेली आणि बातमीत राहायला आली.

पत्रकारांना हे कळत नाही असं नाही. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांच्या संघटनांनी व्हेनिसमध्ये जाहीरनामा काढला. अशा बातम्यांतून खुन्याची बाजू मांडणारे, त्याच्या कृत्याला मत्सर किंवा प्रेमाचा मुलामा देणारे शब्द टाळू, अशी त्यात ग्वाही होती. सगळ्यांनी ती पाळली असं म्हणवत नाही. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये तुमच्या मुलीच्याच विद्यापीठातल्या विद्यार्थिनीचा तिच्या आधीच्या मित्राने खून केला, तेव्हा काही तरी हललं. सुरुवातीला ‘चांगला मुलगा होता’ची रेकॉर्ड लागलीच. मग मृत मुलीच्या बहिणीने ठणकावलं, की हे राक्षस नव्हेत, पितृसत्तेची धडधाकट पोरं आहेत. ‘पात्रिआर्कातो’ (पितृसत्ता) हा विद्यापीठातला जड शब्द त्या आठवड्यात मी बेकरीच्या रांगेत ऐकला. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी संसदेने ‘फेम्मिनिचीदिओ’ (बाई आहे म्हणून केलेला बाईचा खून) हा जन्मठेपेचा स्वतंत्र गुन्हा ठरवला. मतदान एकमुखी होतं, आणि त्या संसदेत एकमत फार क्वचित होतं.

मुलीला एक सुचवा. बातमी वाचताना क्रियापदाचा कर्ता शोधायचा. ‘स्त्री मृत सापडली’ आणि ‘नवऱ्याने तिला मारलं’ या वाक्यांत काय फरक आहे ते तिला तुम्हाला समजावावं लागणार नाही.

प्रश्न : बँकेत मला ‘सिन्योरीना’ (कुमारी) म्हणतात. मी चौतीस वर्षांची आहे. रागवावं का?
– एक वाचक, मिलान

उत्तर : रागवण्याची गरज नाही, दुरुस्त करा. आल्मा साबातीनी यांनी १९८७ मध्ये, पंतप्रधान कार्यालयानेच छापलेल्या पुस्तिकेत, हा शब्द सोडून द्या असं सुचवलं होतं. कारण ‘सिन्योरीनो’ म्हणून कोणी अविवाहित पुरुषाला हाक मारत नाही, मारलीच तर चिडवायला. हसून ‘सिन्योरा, ग्रात्सिए’ (श्रीमती म्हणा, धन्यवाद) म्हणा. तुमच्याकडे पदवी असेल तर ‘दोत्तोरेस्सा’ म्हणा. इटलीत पदवीधराला डॉक्टर म्हणतात, आणि काउंटरवर त्याचा परिणाम झटकन होतो.